चौकोनांची पंगत

मांडवीच्या वाचनालयात रोज दुपारी चार ते सहा या वेळात दादू सारंग संगणकासमोर बसून नुसते चौकोन वाचतात, हे राजाभाऊ मुळ्यांच्या लक्षात यायला तब्बल सव्वा वर्ष लागलं. याचा राजाभाऊंना स्वतःचाच राग आला. ते वाचनालयाचे मानद चिटणीस होते आणि त्या चार भिंतींच्या आत आपल्याला न कळता पालही चुकचुकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्या दिवशी ते सहज पंख्याचं बटण बंद करायला गेले (एकाच खुर्चीवर माणूस असताना तीन पंखे चालवायचे नाहीत, असा ठराव होता) आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. वरपासून खालपर्यंत एकसारखे रिकामे चौकोन. दादू चष्मा नाकावर ओढून ते सावकाश, ओळीनं बघत होते.

"काय वाचताय दादू?"

"पत्र."

"अहो, पण हे तर नुसते चौकोन आहेत."

"हां. नाओईचं हाय. तो असंच लिवतो."

दादू सारंगांनी अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढली होती. त्यांची बोट दर दीड-दोन वर्षांनी दुरुस्तीला जपानातल्या एका गोदीत जायची आणि तिथे नाओई नावाचा फिटर होता. दोघांकडे मिळून इंग्रजीचे तीसेक शब्द, त्यातले वीस नटबोल्टांचे. तेवढ्या भांडवलावर त्यांची जी दोस्ती झाली ती दोघे निवृत्त झाल्यावरही टिकली. आधी नाताळाला रंगीत कार्डं जायची-यायची. मग दादूंच्या पुतण्याने त्यांना ईमेल काढून दिला. तेव्हापासून दादू एका बोटाने मराठीत टाइप करून पत्र पाठवत आणि तिकडून जपानीत उत्तर येई. मनातलं आपल्याच भाषेत निघतं, पलीकडे कोणी तरी वाचून दाखवत असेलच, असा दोघांचाही हिशेब असावा.

"मग तुम्हाला यातलं कळतं काय?"

"सगळं नाय कळत," दादू प्रामाणिकपणे म्हणाले. "पण मोजतो. आज दीडशेच्या वर हायत. म्हणजे पठ्ठ्या बरा हाय." मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. त्यावर एका ओळीत सतरा चौकोन छापलेले होते. "ह्ये गेल्या वर्षीचं. मथुरा गेली तवाचं. ह्ये लय चांगलं पत्र हाय. योगिनीकडनं छापून घेतलं."

मथुराबाई म्हणजे दादूंची बायको. ती गेल्यापासूनच दादू रोज वाचनालयात येऊन बसू लागले होते. राजाभाऊंनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि परत दिला. मन भरून आलं की ते एकदम सरकारी भाषेत बोलू लागतात. "सदर बाब गंभीर आहे," ते म्हणाले. "या संगणकावर जपानी अक्षरांचा फॉन्ट नाही. म्हणून असं दिसतं. तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

"नाओईला वाईट वाटंल म्हणून," दादू म्हणाले. नोव्हेंबरच्या वीस तारखेला नाओईला अठ्ठ्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्यांच्याकडे अठ्ठ्याऐंशीला मोठा मान असतो, हे नाओईने गोदीत बोटांनी दाखवून सांगितलं होतं. त्याचं नाव त्याच्याच लिपीत मोठ्या अक्षरात छापून पाठवावं आणि जमलंच तर त्याने इतके दिवस काय लिहिलंय ते एकदा ऐकावं, एवढी दादूंची इच्छा होती. टपालाला लागणारे दिवस धरता ऑक्टोबरअखेर पाकीट निघायला हवं होतं. गणपती नुकतेच गेले होते.

आता खरं सांगायचं तर हे दहा मिनिटांचं काम होतं. फॉन्ट फुकट मिळतो, तो उतरवून घ्यायचा, ठरलेल्या जागी टाकायचा, झालं. पण वाचनालयाचे संगणक 'पडवी' नावाच्या लिनक्स सॉफ्टवेअरवर चालत. पुण्या-मुंबईच्या काही हौशी मंडळींनी छोट्या वाचनालयांसाठी ते बांधलं होतं आणि अठरा वाचनालयं ते वापरत. राजाभाऊ त्यात सामील झाले होते, कारण एक तर ते फुकट होतं आणि दुसरं म्हणजे त्यात समिती होती. समितीचा नियम क्रमांक चार असा होता की मंजूर पॅकेजखेरीज कोणतीही वस्तू संगणकावर बसवता येणार नाही. हा नियम, ग्रंथपाल योगिनीने पत्त्यांचा खेळ बसवला तेव्हा, स्वतः राजाभाऊंनी भांडून करून घेतला होता.

"मग नियम जरा बाजूला ठेवा," योगिनी म्हणाली. पत्त्यांचा खेळ ती अजून विसरली नव्हती.

राजाभाऊंनी तिच्याकडे जे पाहिलं त्याला उत्तर म्हणून ती दिवाळी अंकांची आगाऊ नोंदणी करायला निघून गेली. करायचं तर रीतसर करायचं, असं त्यांनी ठरवलं. चिनी, जपानी, कोरियन असे तिन्ही फॉन्ट एका गाठोड्यात बांधायचे, बरोबर परवाना, माहितीचा कागद आणि बसवण्याच्या सूचना जोडायच्या आणि ते पॅकेज अठराही वाचनालयांना उपलब्ध करून द्यायचं. उद्या दापोलीत एखादा कोरियन आला तर त्याची अडचण व्हायला नको.

इथे राजाभाऊंविषयी एक गोष्ट सांगणं भाग आहे. ते एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि त्रुटी काढण्याबद्दल त्यांची ख्याती होती. शिक्क्याला सही चिकटली म्हणून त्यांनी एकदा एका माणसाचा अर्ज राजापूरला परत पाठवला होता आणि तो माणूस पुढच्या एस.टी.ने सही सोडवून आणता झाला होता. चौतीस वर्षं लोकांचे अर्ज परत करणाऱ्या माणसाने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच स्वतः एक अर्ज केला.

तो तीन दिवसांत परत आला.

'पडवी'ची पॅकेजं तपासायचं काम पुण्याच्या ऋजुता नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलीकडे होतं. ती दिवसा एका जपानी कंपनीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात हे फुकटचं दळण दळायची. तिने फार गोड लिहिलं होतं. "काका, छान प्रयत्न आहे. फक्त एका ओळीत वर्णन हवं. तुम्ही 'वरील विषयास अनुसरून' पासून सुरुवात करून दोन पानं लिहिली आहेत."

राजाभाऊंनी वर्णन एका ओळीत बसवलं. ओळ लांब झाली म्हणून पॅकेज परत आलं. मग आवृत्तीच्या रकान्यात त्यांनी 'पहिली (सुधारित)' लिहिल्याबद्दल परत आलं, कारण तिथे नुसता आकडा लागतो. मग फॉन्टचा परवाना जोडायचा राहिला म्हणून परत आलं. दर वेळी शेवटी 'काका, रागावू नका हं' असं असायचं, आणि ते वाचून राजाभाऊ जास्तच रागवायचे.

"परवाना जोडलेला नाही म्हणते. मला म्हणते. मी परवान्याची कलमं शिकवली आहेत लोकांना," ते जेवताना म्हणाले.

"आता कळलं ना, त्या बिचाऱ्या राजापूरवाल्याला कसं वाटलं असेल ते," कुसुमताई म्हणाल्या आणि त्यांनी आमटी वाढली. लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर माणूस कुठल्या क्षणी काय वाढावं हे बरोबर जाणतो.

एव्हाना ही बातमी मांडवीभर झाली होती आणि सल्ले येऊ लागले होते. झेरॉक्सवाल्या शुभंकरचं म्हणणं, एवढी यातायात कशाला, पत्र माझ्या फोनवर पाठवा, फोन दोन सेकंदांत भाषांतर करून देतो. यावर दादूंनी मान हलवली. "माझं पत्र तुझ्या फोनात कशाला? उद्या तू माझा पोपट करशील नाक्यावर." शेजारच्या गोदूबाईंनी तर, अडलेलं काम आहे, ग्रामदैवत भैरीला नारळ ठेवा, असं सुचवलं. सॉफ्टवेअरच्या कामी नारळ चालत नाही, असं राजाभाऊंनी त्यांना शास्त्रोक्त समजावून दिलं. कुसुमताईंनी गुरुवारी जाऊन गुपचूप नारळ ठेवला. शुक्रवारी पॅकेज मंजूर झालं. मंजुरी परवान्याची फाइल जोडल्यामुळे मिळाली, असं राजाभाऊ आजही सांगतात.

पण मंजुरी मिळाली ती फॉन्टांना. ते कोणत्या क्रमाने वापरायचे, ही मांडणी प्रत्येक वाचनालयाने आधी सोयीने करून पाहायची होती, आणि राजाभाऊंनी उत्साहाच्या भरात आपली मांडणी अठराही ठिकाणी चढवून दिली. तिथे घोटाळा झाला.

ही मांडणी म्हणजे एक रांग असते. संगणकाला एखादं अक्षर दाखवायचं असलं की तो रांगेतल्या पहिल्या फॉन्टला विचारतो, तुझ्याकडे आहे का. नसलं तर दुसऱ्याला. त्यामुळे रांगेत कोणाला कुठे बसवायचं याला फार महत्त्व. हे वाचल्यावर राजाभाऊंना एकदम मोकळं वाटलं. ही तर पंगत झाली. आयुष्यात त्यांनी शंभर पंगती बसवल्या होत्या आणि मानपानात एकदाही चूक झाली नव्हती. पाहुणे आधी, घरची माणसं शेवटी. पाहुण्यांतही वयाने वडील तो वर. म्हणून त्यांनी चिनी फॉन्टला पहिल्या पाटावर बसवलं, कारण ती लिपी सर्वांत जुनी. मग जपानी, मग कोरियन. इंग्रजी आणि आपली मराठी ही घरची मंडळी, त्यांना सगळ्यांच्या शेवटी ठेवलं.

सोमवारी सकाळी दादू नवी विजार घालून आले. राजाभाऊंनी पत्र उघडलं. चौकोन गेले होते आणि त्यांच्या जागी सुंदर, काळीभोर, नीटस अक्षरं उभी होती. योगिनीही येऊन बघून गेली. दादूंनी चष्मा नाकावर ओढून पत्र वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कसं वाटतंय?" राजाभाऊंनी विचारलं.

"चांगलं हाय," दादू म्हणाले. "पण आता कायच कळत नाय."

राजाभाऊंनी हे मनावर घेतलं नाही. पत्राखालची नाओईच्या नावाची दोन अक्षरं उचलून त्यांनी ती मोठी केली, जाड कागदावर छापली आणि दादूंच्या हातात दिली. दादूंनी तो कागद उजेडात धरला, दूर नेला, जवळ आणला. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक लोखंडी पाना काढून टेबलावर ठेवला. नाओईने शेवटच्या खेपेला दिलेला. त्याच्या दांड्यावर नाव कोरलेलं होतं.

"ह्ये त्याचं नाव नाय," दादू म्हणाले.

"दादू, तुम्हाला जपानी कधीपासून यायला लागलं?"

"येत नाय. पण पाना माझ्याकडं हाय. पंचवीस वर्षं बघतोय. बगा, पयल्या अक्षराला हितं डाव्या अंगाला एक रेघ खाली उतरून वळते. तुमच्यात ती नाय."

राजाभाऊंनी भिंग आणलं. रेघ नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. राजापूरच्या एका वाचनालयातून विचारणा होती की आमचे इंग्रजी आकडे अचानक ऐसपैस का पसरलेत, पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीत दाखल क्रमांक मावत नाही. त्यानंतर खेडहून फोन आला. तिथल्या कादंबऱ्यांच्या यादीत प्रत्येक अवतरणचिन्हाच्या आजूबाजूला माणूस बसेल एवढी जागा सुटली होती. लोट्याच्या कामगार वाचनालयातल्या गृहस्थांनी तर, हे चीनचं काही कारस्थान नाही ना, असं हळू आवाजात विचारलं. दुपारपर्यंत अकरा फोन झाले. राजाभाऊंनी पान्याचा आणि कागदाचा फोटो ऋजुताला पाठवला आणि घरी जाऊन झोपाळ्यावर भिंतीकडे तोंड करून बसले.

संध्याकाळी तिचं उत्तर आलं. दादूंचं बरोबर होतं. काही अक्षरं चिनी आणि जपानी अशा दोघांत एकाच क्रमांकावर नोंदलेली असतात, पण लिहायची वळणं वेगळी. चिनी फॉन्ट पुढे बसवल्यामुळे नाओईचं नाव चिनी वळणात आलं होतं. इंग्रजी आकडेही चिनी फॉन्टमध्ये असतात, म्हणून तेही तिथूनच उचलले गेले. अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला हा कागद गेला असता तर म्हाताऱ्याला आपलंच नाव कोणी परक्याने लिहिल्यासारखं वाटलं असतं.

राजाभाऊंना हे फार लागलं. दादू एका शब्दाने बोलले नव्हते, उलट जाताना 'व्हतं असं' म्हणून पाठीवर हात ठेवून गेले होते, त्याने तर जास्तच लागलं. त्यांनी समितीला राजीनामा लिहिला. आपल्या हातून झालेल्या अक्षम्य प्रमादाची संपूर्ण जबाबदारी वगैरे सगळं त्यात होतं. अर्ध्या तासात तो परत आला. ऋजुताने लिहिलं होतं, "काका, राजीनाम्यावर तारीख नाही. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा. तोपर्यंत तुम्ही पदावर आहात आणि मांडणी दुरुस्त करणं तुमच्याकडे आहे."

राजाभाऊ ते तीनदा वाचून पहिल्यांदाच हसले. असा शेरा त्यांनाही सुचला नसता.

पण दुरुस्त करायचं म्हणजे काय, हे कळेना. जपान्याला वर घ्यावं तर चिन्याचं बिघडणार, दोघांना खाली ठेवावं तर पाहुण्यांचा मान जाणार. कुसुमताई ओट्यावर कोकमं निवडत हे सगळं ऐकत होत्या. "तुम्ही सगळ्यांना एका पंगतीत बसवलंत तिथेच चुकलं," त्या म्हणाल्या. "आपल्या मंगूच्या मुंजीत उपासाची माणसं होती, पथ्याची होती, तिखट न खाणारी होती. आपण काय केलं? घरच्यांना रोजचं वाढलं आणि ज्याचं त्याचं पान वेगळं मांडलं. पाटावर चिठ्ठी ठेवली होती. पाहुण्यांचा मान म्हणजे घरच्यांच्या पानात पाहुण्यांचं वाढणं नव्हे."

"आणि ज्याच्या पाटावर चिठ्ठीच नाही, तो?"

"आपल्याकडे येतंय कोण? दादूंचा तो जपानीच ना? मग चिठ्ठी नसेल तर त्याचं वाढा."

राजाभाऊंनी टाचण केलं. मराठी आणि इंग्रजी आपापल्या जागी पुढे. मजकुरावर भाषेची खूण असेल तर ज्याला त्याला त्याचाच फॉन्ट. खूण नसलेल्या पाहुण्या अक्षरांना जपानी आधी. ऋजुताने ते तपासलं आणि पहिल्यांदाच त्रुटी न काढता मंजूर केलं. 'हे कसं सुचलं?' असं तिने विचारलं, तेव्हा राजाभाऊंनी 'अनुभवाने' असं उत्तर दिलं आणि मग मनाला लागून राहिलं म्हणून आणखी एक ओळ पाठवली, 'अनुभव पत्नीचा'.

ऑक्टोबरच्या सत्तावीस तारखेला नाव पुन्हा छापलं. दादूंनी पाना शेजारी ठेवून रेघ अन् रेघ ताडून पाहिली. डाव्या अंगाची रेघ खाली उतरून वळली होती. "आता नाओई आला," ते म्हणाले. मग पाना फडक्यात गुंडाळत म्हणाले, "ती पुण्याची पोर जपानी वाचते ना? तिला पत्र दाखवा. तिनं अक्षर वळखलं, म्हंजे ती वाचंल बरोबर."

राजाभाऊंनी पत्रं ऋजुताला पाठवली आणि फोन टेबलावर मध्ये ठेवून आवाज मोठा केला. कोणतं पत्र आधी वाचू, असं तिने विचारलं. दादूंनी खिशातला कागद काढला. "सतरा चौकोनांचं."

"हे अगदी लहान आहे," ती म्हणाली. "'कळलं. मी इथे आहे. समुद्र तोच आहे.' एवढंच."

"कळलं कसं त्याला? कोणी वाचून दावलं?" दादू म्हणाले.

"त्याच्या पुढच्या पत्रात लिहिलंय. वाचते. 'दादू-सान, एक गोष्ट इतके दिवस लपवली, माफ करा. आमच्या गावच्या सभागृहातल्या संगणकावर तुमची पत्रं चौकोनी दिसतात. तुमच्या भाषेची अक्षरं बसवावीत म्हणून मी अर्ज केला, पण इथले कारभारी फार काटेकोर आहेत. अर्ज तीन वेळा परत आला.'"

"नियमाने चालणारा माणूस दिसतो," राजाभाऊ नकळत म्हणाले.

"'तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मी चौकोन मोजतो. दर वेळी दोनशेच्या वर असतात. मागच्या महिन्यात फक्त सतरा आले. बोलका माणूस इतकं कमी लिहितो तेव्हा घरातलं कोणी तरी गेलेलं असतं. माझी बायको गेली तेव्हा मीही असाच झालो होतो. म्हणून मी सतरा अक्षरांचंच उत्तर लिहिलं. त्याहून जास्त बोलणं बरं दिसलं नसतं.'"

ऋजुता थांबली. वाचनालयात फक्त दादूंच्या खुर्चीवरचा पंखा चालू होता.

"मी काय लिवलं व्हतं ते सांगू?" दादू म्हणाले. "मथुरा गेली. मी बरा हाय. तेवढंच लिवलं व्हतं."

अशा वेळी राजाभाऊ तपासणी करतात. टेबलाखाली बोटांवर त्यांनी मोजायला घेतलं, अक्षर वेगळं, काना-मात्रा वेगळी, संगणक मोजतो तसं. मथुरा, पाच. गेली, चार. मी, दोन. बरा, तीन. हाय, तीन. सतरा झाले. त्यांनी पुन्हा एकदा मोजलं, कारण पहिल्या वेळी आकडे नीट दिसत नव्हते.

"बाकीची वाचू का काका?" ऋजुताने विचारलं.

"वाच. पण सावकाश. रोज एक," दादू म्हणाले.

वाढदिवसाचा कागद पाकिटात घालायला राजाभाऊंनी हात पुढे केला. दादूंनी तो दिला नाही. त्यांनी योगिनीकडून पेन मागून घेतलं आणि नाओईच्या नावाखाली, कागद हाताने दाबून धरत, छोटे छोटे चौकोन काढायला सुरुवात केली. छापील कागदावर हाताने काही लिहायचं नाही, ही राजाभाऊंची जन्माची शिस्त. असल्याच शिस्तीपायी त्यांनी राजापूरचा अर्ज परत धाडला होता. आज त्यांनी पेनाचं टोपण धरून ठेवलं. दादूंचं झाल्यावर त्यांनी कागद घेतला, चष्मा पुसला आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतराही चौकोन मोजले.

"बरोबर आहेत," ते म्हणाले, आणि पाकीट बंद केलं.